दोन जांभळ्या रेघा

"काखेतच! मी सांगते, काखेतच घ्यायचं!"

"अगं, काख म्हंजे काय कपाट हाय? लोटलं दार आन् लावली कडी?"

"मग तुमच्या म्हनन्यापरमानं खाली? छातीच्या बुडाशी? आन् नवऱ्याम्होरं आडवी झाली की उघड्यावर?"

"हळू बोल, बद्रू. दुकानात गिऱ्हाईक हाय."

"तुमीच हळू बोला, आपा. तुमचाच आवाज लांब जातोय."

त्या दोघींच्या मधोमध साबेरा उजवा हात वर करून उभी होती. एका बाजूला आई, बद्रुन्निसा. दुसऱ्या बाजूला फुपी, म्हणजे मेलेल्या बापाची थोरली बहीण. खोली पौडच्या बाजारपेठेत, अलाउद्दीनच्या किराणा दुकानाच्या पाठीमागची. खिडकी नाही, छपराखाली विटेएवढा झरोका, तेवढाच उजेड. दाराला आतून कडी. दाराच्या पलीकडे साबेराचा भाऊ अलाउद्दीन कुणाला तरी शेंगदाणे मोजून देत होता, त्याच्या तागडीची साखळी वाजलेली आतपर्यंत ऐकू येत होती.

"हात खाली घेऊ का?" साबेरानं विचारलं.

"थांब!" दोघी एकदम म्हणाल्या. भांडणात पहिल्यांदा त्यांचं एकमत झालं.

साबेराच्या अंगावर दोन रेघा होत्या. जांभळ्या, जखमेला लावतात त्या औषधाच्या. एक काखेच्या घडीत, बोटाच्या दोन पेरांएवढी. दुसरी उजव्या छातीखाली, बरगडीवर, आडवी, चार बोटांची. पुण्याच्या डॉक्टरबाईंनी सोमवारी स्वतःच्या हातानं काढून दिल्या होत्या आणि म्हणाल्या होत्या, "पुसू नकोस. घरी जा, कामं कर, मशीन चालव, पाणी भर. गुरुवारी ये आणि मला सांग, कुठून कापू."

आज बुधवार होता.

"बग," फुपीनं साबेराचं मनगट धरून हात आणखी वर ओढला. "हळदीला पोरीला पाटावर बशिवली, की पयला हात कुटं जातो बायांचा? गळ्याला, दंडाला आन् काखंत. धोंडाबाई तर काख अशी घासती की कातडी निघावी. ती काय आंधळी हाय? 'ह्ये काय गं नवरी?' म्हनंल, आन् सांज व्हायच्या आत कोळवनपातुर गावभर."

"धोंडाबाईला बोलवायचीच न्हाई."

"न्हाई बोलावलं तर आधीच गावभर."

"मग हात वर करायचाच न्हाई पोरीनं. लाजली म्हनावं."

"तीन दिस लाजंल?"

साबेराला हसू आलं. हसताना हात हलला आणि फुपीनं मनगट पुन्हा घट्ट केलं.

साबेराला चोविसावं वर्ष चालू होतं. तेराव्या वर्षी तिची डावी बाजू वाढायला लागली आणि उजवी तिथंच राहिली, शेजारच्या वाफ्यात भात तरारावं आणि ह्या वाफ्यात काडीही उगवू नये, तशी. आईनं आधी ताईत बांधला. मग फुपीनं तिळाच्या तेलानं चोळायला घेतलं. चोळून चोळून कातडी लाल झाली, बाकी काही झालं नाही. मग सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरनं मान हलवली आणि "लग्नाच्या वेळेला बघू" म्हणाला. जणू लग्न तोच लावणार होता.

शाळेत कवायत असायची. हात वर, हात बाजूला. साबेरानं आठवीत शाळा सोडली आणि गावातल्या शिवणवर्गात नाव घातलं. बाकीच्या मुली रुमाल शिकल्या, परकर शिकल्या. साबेरानं पहिल्याच महिन्यात मास्तरणीला विचारलं, "कटोरीचा ब्लाऊज कधी शिकवणार?" घरी येऊन तिनं स्वतःसाठी शिवला तो ब्लाऊज आतून वेगळाच होता. उजव्या कटोरीत जुन्या धोतराचे चार पदर आणि मधे पिंजलेला कापूस, अशी एक गादी अस्तराला टाचून बसवलेली. तेव्हापासून तिचा प्रत्येक ब्लाऊज तसाच. धुतला की दोरीवर एकटा वाळत घालायचा नाही, वरून साडीचा पदर टाकायचा. अकरा वर्षांत ही शिस्त एकदाही मोडली नाही.

आणि त्यातून तिचं नाव झालं. कोळवणची रंभाबाई जन्मभर डोक्यावरून भाताचे भारे वाहून एका खांद्यानं खाली आली होती. साबेराच्या ब्लाऊजमध्ये तिचे दोन्ही खांदे एका ओळीत यायचे. मुठ्याच्या शाळेतल्या एका बाईंच्या गळ्याला गाठ होती, त्यांना तिनं अशी कॉलर काढून दिली की पोरं त्यांना फॅशनवाल्या बाई म्हणायला लागली. "साबेराकडं टाक," बाया एकमेकींना सांगायच्या, "तिचा झंपर अंगातली खोट गिळतो." ती कुणाला काही विचारायची नाही. टेप खांद्यावर टाकून एकदा समोरून बघायची, एकदा पाठमोरी करायची, "शुक्रवारी या" म्हणायची. बायांना वाटायचं, पोरीचा हात चांगला. तो होताच. पण लपवायचं कसं हे तिला हातापेक्षा जास्त येत होतं, आणि का, ते घरातल्या तिघांशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं.

चौथं माणूस म्हणजे डॉक्टरबाई. त्यांनी कोळवणला नदीच्या अंगाला जमीन घेऊन बंगला बांधला होता आणि पडदे शिवायला साबेराला बोलावलं होतं. पडदे लावताना साबेरा स्टुलावर चढली, दोन्ही हात वर केले आणि अस्तराचा एक टाका तुटून गादी वर सरकली, गळ्याशी आली. ती भिंतीकडे तोंड करून तशीच उभी राहिली. पाठीमागून डॉक्टरबाई म्हणाल्या, "पडदा राहू दे. खाली उतर, चहा घे." चहा अर्धा संपल्यावर त्यांनी विचारलं, "किती वर्षं?" साबेरानं सांगितलं, "अकरा." मग त्या म्हणाल्या, "मी हेच काम करते. भाजलेली, कापलेली, जन्मापासून राहून गेलेली माणसं. माझ्याकडे ये."

त्याच महिन्यात भूगावच्या शिराजचं स्थळ जमलं होतं. सायकलीचं दुकान, आई-बाप नाहीत, घरात एक मोठी बहीण. बघायला आला तेव्हा तो साबेराशी एक शब्द बोलला नाही. पण उठताना शिवणयंत्रापाशी थांबला, चाकाचा पट्टा बोटानं दाबून बघितला, म्हणाला, "सैल झालाय," आणि खिशातून पक्कड काढून पट्टा दोन बोटं कापला, जोडून दिला. अलाउद्दीन नंतर चार दिवस हसत होता, "नवरी बघायला आलाय का मशीन?" साबेरा मात्र त्या दिवसापासून मशीनवर बसली की पाय आपोआप हलका टाकायची.

लग्न रमजानच्या आधी, एप्रिलअखेर. साल चौऱ्याऐंशी. ऑपरेशन आत्ता, मार्चच्या सुरुवातीला झालं, तर सात-आठ आठवडे हातात. बद्रुन्निसाला वाटलं, वरच्यानंच दार उघडलं. सोमवारी ती लेकीबरोबर पुण्याला गेली आणि डॉक्टरबाईंच्या टेबलासमोर हात जोडूनच बसली.

डॉक्टरबाईंनी सिलिकॉनची पिशवी साबेराच्या हातात दिली. थंड, मऊ, हातात धरली की हाताचा आकार घेणारी. "ही आत बसेल. आत घालायला वाट लागेल. ती कुठून काढायची, एवढाच प्रश्न. एक वाट बोंडाच्या कडेनं असते. तुझं लहान आहे, तिथून पिशवी जाणार नाही, ती वाट सोड. दुसरी काखेतून. समोर व्रण येत नाही. पण मला लांबून, न बघता काम करावं लागतं, पिशवी थोडी वर बसू शकते. आणि सहा आठवडे हात वर करायचा नाही, ओझं नाही, मशीन नाही. तिसरी खालून. सगळं नजरेसमोर, हात लवकर मोकळा. उभी असताना झाकलेलं राहील. आडवी झालीस की रेघ दिसेल."

"कायमची?"

"फिकट होईल. जाणार नाही. आणि अजून एक ऐक, हे मी सगळ्यांना सांगते. पिशवी जन्माला पुरेलच असं नाही. पाच-दहा वर्षांनी भोवती कडकपणा येऊ शकतो, मग पुन्हा उघडावी लागते. होणाऱ्या नवऱ्याला माहीत आहे ना सगळं?"

साबेरानं आईकडे बघितलं.

"म्हाईत हाय की!" बद्रुन्निसा म्हणाली. इतकी पटकन म्हणाली, की डॉक्टरबाईंनी पेन टेबलावर ठेवलं आणि साबेराकडेच बघितलं. साबेरानं मान खाली घातली. मग त्यांनी जांभळं औषध काढलं.

"कापड तुझं आहे," रेघा काढताना त्या म्हणाल्या. "टाका कुठं घालायचा ते तू सांग. आई नाही, तू."

तीन दिवस साबेरा त्या दोन रेघा अंगावर घेऊन वावरली. हंडा उचलला की काखेतली रेघ दुमडायची. मशीनवर कापड पुढं सरकवताना ताणायची. शिंपिणीला एक गोष्ट कुणी सांगायला लागत नाही: ब्लाऊज उसवतो तो मुंढ्यात उसवतो. बाही जिथं अंगाला जोडली जाते तिथं सगळा ताण येतो. तिथं टाका घालणं भागच असतं म्हणून घालायचा, हौसेनं कुणी घालत नाही. आणि जी शिवण पुढं कधीतरी उसवायची आहे, ती हाताला सापडेल अशा जागी ठेवायची. एवढं तिला पहिल्याच दिवशी कळलं होतं. पण ते सांगायला तोंड उघडावं, तर आई आणि फुपी ती रेघ कुणाकुणापासून लपेल ह्याचाच हिशेब घालत बसलेल्या.

"बायांपासून लपली तरी नवऱ्यापासून न्हाई लपत, आपा. आन् घरी पाठवनार कोन? बाया न्हाई पाठवत. नवरा पाठवतो."

"नवरा काय कंदील घिऊन बसतोय व्हय? दिवा मालवला की—"

"आता घरोघरी बल्ब आल्यात, आपा."

"मग बल्ब काढून ठिवा!"

"अम्मा," साबेरा म्हणाली, "हात दुखतोय."

"दुखू दे. जन्माचं बघतोय हितं."

तेवढ्यात दारावर थाप पडली. "अम्मा!" अलाउद्दीनचा आवाज, एरवीपेक्षा दोन पट्ट्या वर. "सुरैयाआपा आल्यात! भूगावास्नं!"

शिराजची बहीण.

खोलीत जी धांदल उडाली ती बघण्यासारखी होती. फुपीनं मनगट सोडलं, बद्रुन्निसानं ब्लाऊज साबेराच्या अंगात उलटाच घातला, मग सुलटा केला, हूक लावायला चार हात एकदम आले. "पदर घे. बस. मशीनवर बस. न्हाई, मशीनवर नगं, नवरी हायेस. खाली बस. कायतरी निवडत बस." सुपात तांदूळ नव्हते, नुसतंच सूप साबेराच्या मांडीवर आलं.

साबेराला मात्र सुरैया कशासाठी आली असेल ते माहीत होतं.

रीत अशी होती की नवरीचे लग्नातले कपडे नवऱ्याकडून यायचे, त्यांच्या शिंप्यानं शिवलेले. फुपीचं तर म्हणणं, नवरीनं स्वतःच्या लग्नाच्या कापडाला कात्री लावली की संसाराला कात्री लागते. म्हणजे अख्ख्या मुळशीच्या बायांच्या अंगातली खोट झाकणाऱ्या पोरीनं आपला एक ब्लाऊज तेवढा शिवायचा नाही. ते कपडे शिवायला नवऱ्याकडच्यांनी मापाचा ब्लाऊज मागितला होता. गेल्या आठवड्यात अलाउद्दीन भूगावावरून माल आणायला निघाला आणि साबेरा कपडे पोचवायला कोळवणला गेली होती. बद्रुन्निसानं घाईघाईनं दोरीवरच्या पदराखालचा ब्लाऊज ओढला, कागदात गुंडाळला आणि पाठवून दिला. गादीसकट. एक तास थांबली असती तर साबेरानं साधा, खोटा मापाचा ब्लाऊज शिवून दिला असता. घरी आल्यावर तिनं दोरी बघितली आणि विचारलं, "दोरीवरचा दिला?" आई म्हणाली, "त्यांचा शिंपी काय आत डोकं घालून बघतोय?"

सुरैया आत आली. पस्तिशीची, उंच, काठापदराचं लुगडं चापूनचोपून नेसलेली. तिनं फुपीला सलाम केला, बद्रुन्निसाला केला आणि साबेराच्या मांडीवरच्या रिकाम्या सुपाकडे बघितलं.

"काय निवडतीस गं?"

"न्हाई... निवडून झालं," साबेरा म्हणाली.

"बसा की," बद्रुन्निसा म्हणाली. "अलाउद्दीन! चा सांग!"

"चा नगं. गाडी हाय लगीच." सुरैयानं पिशवीतून कागदाची गुंडाळी काढली, उलगडली आणि ब्लाऊज मांडीवर पसरला. निळा, बारीक फुलांचा. "आमच्या शिंप्यानं परत पाठिवला. म्हनाला, बाई, इचारून या. दोन्ही कटोऱ्या सारख्या कापायच्या, का डावी मोठी आन् उजवी ह्यो कापूस घालून?"

बाहेर तागडीची साखळी वाजायची थांबली.

"टाचन्या!" बद्रुन्निसा म्हणाली.

"काय?"

"टाचन्या टोचायची गादी हाय ती. शिलाईचं काम न्हवं का? हाताशी पायजेत टाचन्या."

"झंपराच्या आत?"

"पोरी हायेत आजूबाजूला, ल्हान पोरी. वर ठिवल्या तर टोचत्यात त्यास्नी."

"आन् हिला न्हाई टोचत?"

फुपीनं तोंडाला पदर लावला. हसू दाबायला की रडू, ते साबेराला कळलं नाही. सुरैयानं गादी दोन बोटांनी दाबून बघितली, उजेडाकडे धरली. "काम लई सुरेख केलंय," ती म्हणाली. "टाका दिसतबी न्हाई. मी सोता बघितलं, मग शिंप्याला म्हनलं, दे हिकडं, आन् कुणाम्होरं तोंड उघडू नको." मग तिनं मान वर केली. "साबेरा, खरं सांग. कवापास्नं?"

"तेराव्यापास्नं," साबेरा म्हणाली.

बद्रुन्निसा खाली बसली आणि रडायला लागली. रडतारडता तिनं सगळं सांगितलं: डॉक्टरबाई, पिशवी, दोन रेघा, उद्याची सकाळची एसटी. "लगीन मोडू नका. पाया पडते. तुमच्या भावाच्या हातात धड पोरगी दिऊ आमी. काय दिसनार न्हाई, काय कळनार न्हाई."

सुरैयानं ब्लाऊजचे हूक एकेक काढले, परत लावले. "मला टाकलं का, म्हाईत हाय?" ती म्हणाली. "पाठीवर कोड हाय मला. रुपयाएवढा डाग व्हता तवा. आईनं हळदीत झाकला, निकाहात झाकला. तिसऱ्या दिवशी सासूनं न्हाताना बघितला आन् टांग्यात बशिवली. माघारी." तिनं नाक ओढलं. "सगळे म्हनले, लपवायला नगं व्हतं. मी म्हनते, नीट लपवायला पायजे व्हतं."

साबेराला वाटलं होतं, आता ही म्हणेल, माझ्यासारखं करू नका. त्या आशेनं ती पुढं सरकली होती. ती तिथंच थबकली.

"तवा असं करायचं," सुरैया आता पुढं झाली, आवाज खाली आणला. "काखेत. हळद मी लावीन, माझ्या हातानं. धोंडाबाई का फोंडाबाई, कुनी अंगाला हात लावायचा न्हाई. नवऱ्याकडची मोठी म्हनून मी बसंन, कोन इचारनार? शिंप्याला सांगते, कटोऱ्या सारख्या काप. आन् शिराजला ह्यातलं कायबी कळायचं न्हाई. पुरुषाच्या कानात गेलं म्हंजे दाराभायेर गेलं. आपल्या चौघीत ऱ्हाईल."

"अल्ला तुमचं भलं करो," बद्रुन्निसा म्हणाली आणि सुरैयाचे हात धरले.

"असं असंल तर मग काखच," फुपी म्हणाली. "मी तरी काय म्हनत व्हते? हळदीचीच अडचन व्हती."

भांडण मिटलं. तिघी एका सुरात बोलायला लागल्या. हळदीला पाट कुठं मांडायचा, दार कुणी धरायचं, सहा आठवडे हात का उचलत नाही ह्याला कारण काय सांगायचं. फुपी म्हणाली, पडली म्हनू. सुरैया म्हणाली, पडली नगं, वैद्य बघायला येतो. आंग धरलंय म्हना. साबेरा त्यांच्यामधे बसली होती आणि तिच्याबद्दल सगळं तिच्या डोक्यावरून चाललं होतं. मघाशी दोघी होत्या तेव्हा निदान भांडणाच्या फटीतून श्वास घेता येत होता. आता फटच राहिली नव्हती. तिला भूगावचं घर दिसलं, तिथली खोली दिसली, आणि जन्मभर रोज सकाळी 'आपल्या चौघीत' म्हणून बघणारी ही बाई चुलीपाशी बसलेली दिसली.

"आन् कडक झाली तर?" ती म्हणाली.

"काय?"

"पिशवी. डॉक्टरबाई म्हनल्या, पाच-धा वर्सांनी कडक झाली तर परत उघडायची. तवा काय सांगू त्यास्नी? काखंत गळू झालं?"

"तवाचं तवा बगू," बद्रुन्निसा म्हणाली.

"तवा पोरं झालेली असतील," फुपी म्हणाली. "पोरं झाल्यावं कोन टाकतंय?"

"मी काखेत घेनार न्हाई."

"साबेरा!"

"मुंढ्यात टाका टिकत न्हाई, अम्मा. सहा आठवडे मशीन बंद ऱ्हाईल. आन् सुरैयाआपा म्हनतात त्या परमानं हळद लागली, तर ह्यांनी जन्मभर हात वर धरून उभं करायचं मला, मघासारखं." तिनं सूप मांडीवरून खाली ठेवलं. "मी खालची रेघ सांगनार हाय. ती कुनालाबी दिसनार न्हाई. धोंडाबाईला न्हाई, गावाला न्हाई. एकाच मानसाला दिसनार. तर त्या मानसाला आधी कळलं पायजे."

"येडी झालीस काय गं!" बद्रुन्निसा उठली. "लगीन मोडंल! मग कुटली रेघ आन् कसलं काय!"

"मोडलं तर मोडलं," असं म्हणायला साबेरानं तोंड उघडलं आणि ते तिच्या तोंडातून निघालं नाही. कारण ते खरं नव्हतं. मोडू नये असं तिला फार वाटत होतं. पट्टा दाबून बघणारं ते एक बोट तिला आठवत होतं.

तिनं सुरैयाच्या मांडीवरून ब्लाऊज उचलला, मशीनच्या खणातून ब्लेड काढलं. अस्तरावरचा पहिला टाका कापला. दुसरा. तिचेच टाके, बारीक, पक्के, चटकन सुटेनात. आई "अगं, अगं" करत पुढं आली, फुपीनं तिला दंडाला धरलं. चारही बाजू सुटल्यावर साबेरानं गादी ओढून काढली. अकरा वर्षांत पहिल्यांदा तिनं अशी गादी परक्या माणसासमोर स्वतःच्या हातानं काढली. मळकट, मधे चेपलेली, घामानं पिवळी पडलेली. ती तिनं मांडीवर ठेवली. ब्लाऊज झटकला, हूक लावले, घडी घातली. डावी कटोरी उभी राहिली, उजवी पडली.

"हे माप हाय," ती म्हणाली आणि घडी सुरैयाच्या हातात दिली. "शिंप्याला नगं. तुमच्या भावाला दावा. काय बोलू नका, नुसतं दावा, त्यास्नी मापातलं कळतं. उद्या सकाळच्या गाडीनं मी पुन्याला चाललेय, गाडी भूगावावरनंच जाती. त्यास्नी चालत असंल तर थांब्यावं उभं ऱ्हाऊ देत. नसंल चालत तर नगं. तरीबी मी खालचीच सांगनार हाय."

सुरैया घडीकडे बघत होती. अंगठ्यानं तिनं उजवी कटोरी दाबली. आत काही लागलं नाही.

"आपा, तुमच्या पाया पडते, ऐकू नका तिचं," बद्रुन्निसा म्हणाली. "लेकरू हाय."

"दावाल न्हवं?" साबेरानं विचारलं.

बाहेर एसटीचा हॉर्न वाजला. सुरैया उठली. पदर डोक्यावरून पुढं ओढला, पिशवी खांद्याला लावली. ब्लाऊज पिशवीत घातला नाही, परतही दिला नाही, मुठीत धरला, फुलांची निळी कड बोटांतून बाहेर आलेली. कडी काढली.

"आपा, दावाल न्हवं?"

दुकानात अलाउद्दीन उठून उभा राहिला, "चा सांगितलाय की आपा, बसा—" पण सुरैया फळीशेजारून वाट काढत, गुळाच्या ढेपेला पदर लागू न देता, पायऱ्या उतरली आणि गाडीकडे चालत गेली.